टाकळ्यावरची पिवळी फुलपाखरं आणि ६५८ अक्षरं

सोलापुरात दोन-चार चांगले पाऊस झाले की रस्त्याकडेला टाकळा उगवतो आणि त्याच्यामागोमाग ग्रास यलो भिरभिरायला लागतात. एमएस्सीच्या प्रकल्पाला मी हीच पिवळी फुलपाखरं निवडली. हिप्परगा तलावाच्या वाटेवर ती ढिगानं होती. एवढीशी फुलपाखरं, जाती ओळखायला कितीसा वेळ लागणार, असं वाटलं होतं.

पहिला धडा ऋतूंनी दिला. पावसाळ्यात पंखांची काळी किनार रुंद असते. कोरड्या दिवसांत त्याच जातीची किनार अरुंद होते आणि पंखांच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग उमटतात. पीकॉक पॅन्सी या दुसऱ्या एका फुलपाखराच्या अशाच दोन ऋतूंतल्या रूपांना, जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये दोन वेगळ्या जाती म्हणून नावं दिली होती. म्हणून नव्या मुलांना माझं पहिलं सांगणं: अंडं शोधा आणि अळी वाढवा. कॉमन ग्रास यलोची मादी एकेकटं अंडं घालते, थ्री-स्पॉट ग्रास यलोची पुंजक्यानं. पंख बघून अडलेला प्रश्न कधी कधी पानावर सुटतो.

पानावर नाही सुटला तर पोटाकडे वळायचं. पोटाचं टोक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून, ग्लिसरीनमध्ये ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांचा आकार बघायचा. हात बसायला मला महिने लागले, पण हे काम टाळू नका.

डीएनएसाठी एक पाय पुरतो. त्यातल्या सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या ए, टी, जी, सी या घटकांचा) तुकडा वाचतात. शास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये मांडलेला, जात ओळखायचा डीएनए बारकोड तो हाच. माझे पहिले अकरा पाय वाया गेले. चिठ्ठ्या मी बॉलपेननं लिहिल्या होत्या, अल्कोहोलमध्ये शाई उतरली आणि कुठला पाय कुठल्या फुलपाखराचा हे कळेना. त्या रात्री मी खरंच रडले. चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा आणि पंखांसकट उरलेलं फुलपाखरू त्याच क्रमांकानं जपा. पाय फॉर्मॅलिनमध्ये तर चुकूनही टाकू नका, डीएनए खराब होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बारकोड आला की निकाल लागला, असं समजू नका. सीओआय मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात असतं, आणि तो फक्त आईकडून येतो. वोल्बाकिया नावाचा जिवाणूही आईकडूनच अंड्यात उतरतो आणि पसरताना आपल्यासोबतचं मायटोकाँड्रिया पसरवत नेतो. जपानमध्ये ग्रास यलोच्याच दोन जवळच्या जातींत हे दिसलं: मायटोकाँड्रियाच्या डीएनएनं केलेले गट जातींप्रमाणे पडले नाहीत, वोल्बाकियाच्या लागणीप्रमाणे पडले. पेशीच्या केंद्रकातली, आईवडील दोघांकडून येणारी जनुकं वाचली तेव्हा जाती वेगळ्या दिसल्या. उलट कोस्टा रिकात एकाच नावाखालच्या फुलपाखरांत दहा जाती असाव्यात असं २००४ मध्ये मांडलं गेलं, ते बारकोडसोबत अळ्यांचे रंग आणि त्यांची खाद्यझाडं जुळवून. दहाच्या आकड्यावर पुढे वाद झाला. वर्षानुवर्षं वाढवलेल्या अळ्यांच्या नोंदी मात्र आजही कामाच्या आहेत.

म्हणून माझ्या वहीत प्रत्येक क्रमांकापुढे चार रकाने असतात: पंख, जननेंद्रियं, खाद्यझाड, डीएनए. चारही जुळले तर पुढे जाते. एक जरी फटकून असला तर आधी वोल्बाकिया तपासते, मग केंद्रकातलं निदान एक जनुक वाचते, आणि तोवर नाव लिहीत नाही.

नमुने गोळा करण्याआधी वनविभागाला विचारा. नान्नजच्या अभयारण्यात तर परवानगीशिवाय जाळी उचलूच नका. अळी वाढवायला मात्र प्लास्टिकचा डबा, वर जाळीचं कापड आणि रोज ताजा टाकळा एवढं पुरे. टाकळा सकाळीच तोडा, दुपारच्या उन्हात पानं माना टाकतात.