गावचं काम जिल्हा परिषदेत इतिवृत्तावर कसं आणायचं

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात मी लिपिक होतो. निवेदन घेऊन आलेल्या माणसांचं काम बहुतेक वेळा रास्त असायचं, पण कागद चुकीच्या दारात आलेला असायचा. म्हणून आधी काम कुणाचं ते पाहा. रस्ता असेल तर त्याचा दर्जा विचारा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं. रस्त्याला क्रमांकच नसेल, तर निधीच्या आधी क्रमांकाच्या मागे लागा.

मग ग्रामसभेचा ठराव घ्या आणि तालुक्याच्या बांधकाम उपविभागात जा. शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. रकमेशिवाय आलेल्या मागणीवर कुणी शेरा मारत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

आता सदस्य. १९६१ च्या कायद्याप्रमाणे गटागटातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघांतून, ५० ते ७५ सदस्य निवडून येतात. तुमच्या गटाचा सदस्य बांधकाम समितीवर नसला, तर समितीवर कोण आहे ते शोधा आणि दोघांनाही भेटा. आमदार जिल्हा परिषदेचे सदस्य नसतात. त्यांचं वजन जिल्हा नियोजन समितीच्या पैशात, आणि ती समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली चालते. जिल्हा परिषदेचा स्वतःचा पैसा म्हणजे सेस (उपकर). त्याचं वार्षिक अंदाजपत्रक (बजेट) मार्चमध्ये मंजूर होतं, तेव्हा मागणी डिसेंबर-जानेवारीतच पोचलेली बरी.

सगळ्यात जास्त जोर मात्र सभेवर द्या. सर्वसाधारण सभा निदान तीन महिन्यांतून एकदा होतेच. सदस्यानं तुमचा विषय तिथं बोलून दाखवला एवढ्यावर समाधान मानू नका. तो इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, आला पाहिजे, गावाच्या आणि रस्त्याच्या नावासकट. 'रस्त्यांच्या दुरुस्तीबाबत चर्चा झाली' असं वाक्य मी कितीतरी वेळा टंकलं आहे. त्यातून कुणालाच काही करावं लागत नाही. 'अमुक ग्रामीण मार्गावरील मोरीचा प्रस्ताव कार्यकारी अभियंत्यांनी पुढील सभेपूर्वी सादर करावा' असं असलं, की पुढच्या सभेला त्याचं अनुपालन, म्हणजे त्यावर काय केलं ते, लिहून द्यावं लागतं. त्या एका रकान्यासाठी विभाग हलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. इतिवृत्ताची प्रत सदस्याकडून घ्या, नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा. तोंडी 'बघतो'वर विसंबून लोक पावसाळे घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक बसला असेल, तर सभेचे अधिकार त्याच्याकडे असतात. बहुधा मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक असतात. अशा वेळी ठराव, अंदाजपत्रक आणि पोच घेऊन थेट त्यांच्याकडे जा, आणि 'सादर करावे' एवढा तरी शेरा त्यांच्या सहीनं घ्या.