प्रार्थनास्थळाच्या ग्रुपमधून गरजूंना मदत करायचीय? आधी घरी जाऊन भेटा

ग्रुप जमला की लगेच जुने कपडे गोळा करत सुटू नका, त्याचा ढीग कोपऱ्यात पडून राहतो. आधी त्या कुटुंबाला भेटा. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी गरिबांना मदत करायला जी कॅथलिक संस्था काढली, सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी, त्यांचे लोक घरी जातात ते दोघादोघांनी, आणि ही पद्धत सरळ उचला, कारण एकजण बोलतो तेव्हा दुसऱ्याला न बोललेलं पण दिसतं, शिवाय पुढे पैशाचा विषय निघाला की साक्षीदार असतो.

घरी गेल्यावर तपासणीला आल्यासारखं वागू नका. सगळ्यात जास्त टेन्शन कशाचंय एवढंच विचारा आणि ऐका. भाडं थकलंय, लाईट बिल, औषधं, पोरांची फी, काहीही निघेल, आणि कधीकधी पैसे नकोच असतात, सरकारी योजनेचा फॉर्म भरून द्यायला कुणीतरी हवं असतं (हे काम कुणाला आवडत नाही पण उपयोग याचाच जास्त होतो).

धर्म विचारायचा नाही, प्रार्थनेला या अशी अट तर अजिबात नको. फोटो नाही, ग्रुपवर नावं नाहीत.

हिशोब लेखी ठेवा, खर्चाला दोघांच्या सह्या. पंधरा दिवसांनी परत एक चक्कर मारा, बिल भरलं म्हणजे अडचण संपली असं नसतं.