राखीव प्रभागातून निवडून येताना आणि आल्यावर

गोव्यात स्त्री म्हणून पंचायत लढवायची तर आधी प्रभाग आरक्षणाची अधिसूचना मिळवा आणि स्त्रियांसाठी राखलेल्या जागा मोजा. राज्यघटनेने स्त्रियांना ‘किमान’ एक तृतीयांश जागा दिल्या आहेत. म्हणजे अपूर्णांक आला की वरचा आकडा धरायचा: ५ प्रभागांत २, ७ मध्ये ३, ९ मध्ये ३, ११ मध्ये ४. हे गणित सरकारी कागदातही चुकतं. २०२१ मध्ये मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे पालिकांची आरक्षण अधिसूचना उच्च न्यायालयाने रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. हरकत लेखी आणि लगेच घ्या. निवडणूक जाहीर झाल्यावर न्यायालयं सहसा मध्ये पडत नाहीत.

वय २१ पूर्ण हवं आणि नाव त्या पंचायतीच्या मतदारयादीत हवं. बायकांचे अर्ज इथेच अडकतात: यादीत सासरचं नाव, जातीच्या दाखल्यावर माहेरचं. नावबदलाचा पुरावा महिनाभर आधी तयार ठेवा. माहेरच्या यादीतलं जुनं नाव वगळून घ्या.

पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं आणि प्रभागात मतदार थोडे असतात. त्यामुळे सभेपेक्षा वाड्यावर घरोघर फिरणं कामी येतं. यादी घेऊन बसा, घरागणिक खूण करा, कामाला बाहेरगावी असलेल्यांची वेगळी नोंद ठेवा.

खरी कसोटी निवडून आल्यावर लागते. बैठकीत नवरा, दीर किंवा सासरा तुमच्या वतीने बोलू लागला की पंचायत सचिव पुढच्या वेळी फाइल त्यांनाच दाखवतो. म्हणून पहिल्याच बैठकीला एकट्या जा. विषयपत्रिका आदल्या दिवशी वाचा. तुमचा विरोध इतिवृत्तात शब्दशः आलाय का ते बघून मगच सही करा. तोंडी विरोधाला नंतर काडीची किंमत राहत नाही. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही कधीच नाही, मागणारा घरचा असला तरी. सही तुमची, म्हणजे चौकशीही तुमचीच.

बांधकाम परवान्याच्या अर्जांची तारीखवार वही स्वतः ठेवा. ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपिलात जातो आणि निर्णय गावाच्या हातून निसटतो. सगळ्यात जास्त दबाव याच फायलींवर येतो, तेव्हा नकाराचं कारणही लेखीच द्या.

सरपंच झालात तर अविश्वास ठराव गृहीत धरा. सात जणांच्या पंचायतीत चार जण फिरले की खुर्ची जाते. प्रत्येक पंचाच्या, म्हणजे पंचायत सदस्याच्या, प्रभागातलं एक तरी काम मार्गी लावा आणि ग्रामसभेत ते त्याच्या नावाने सांगा.

आरक्षण फिरतं, पुढच्या वेळी तुमचा प्रभाग खुला होऊ शकतो. खुल्या प्रभागात स्त्रीला उभं राहायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही. शशिकला काकोडकर १९७३ मध्ये गोव्याच्या मुख्यमंत्री झाल्या तेव्हा स्त्रियांसाठी राखीव जागा नव्हत्याच, आणि २०२२ मध्ये विधानसभेच्या ४० आमदारांत निवडून आलेल्या तिघीही खुल्या लढतीतूनच आल्या. तेव्हा शेजारच्या प्रभागांतली कामंही पहिल्या वर्षापासूनच हाती घ्या.