ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सर्जनला काय काय विचारायचं

ऑपरेशनची तारीख मिळाली की सर्जनला लिग्नोकेनच्या इंजेक्शनबद्दल नक्की विचारा. दाताचे डॉक्टर भूल द्यायला वापरतात तेच औषध, अगदी स्वस्त. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने सुमारे १६०० बायकांवर अभ्यास केला, २०२३ ला छापून आला, त्यात निम्म्या जणींना गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती हे इंजेक्शन दिलं आणि ५ वर्षांनी त्या गटात ९०.१ टक्के जणी हयात होत्या, दुसऱ्या गटात ८६.४. एवढ्याशा खर्चात हा फरक खूप मोठा आहे हो! पण हे आधी केमो न घेता थेट ऑपरेशन झालेल्यांचं आहे, त्यामुळे तुमची केमो आधी झाली असेल तर तुम्हाला लागू पडतं का ते विचारा, आणि भुलीच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

मग, स्तन वाचवता येईल का, आणि काखेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड) सरसकट काढणार की सेंटिनल नोड, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती पहिली गाठ, तपासून ठरवणार, हेही विचारा, कारण जास्त काढल्या की हात सुजायचा धोका वाढतो. बायोप्सीचे सगळे रिपोर्ट घेऊन जा, आणि लिहून घ्यायला घरातलं कोणीतरी सोबत न्याच.