भुरी टाळून बी बाम कसं वाढवावं

बी बाम, म्हणजे मोनार्डा हे फुलझाड, लावणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर, म्हणजे भुरी. तिच्यावर फवारणी शोधत बसण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. भुरी किती त्रास देणार, हे बरंचसं लावणीच्या दिवशीच ठरतं.

म्हणून आधी जागा. रोज किमान 6 तास ऊन आणि खेळता वारा हवा. भिंतीलगतचा कोंदट कोपरा नको. कडक उन्हाळा असेल तर दुपारनंतरची सावली उलट बरी. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं, ओढ्याकाठी आणि ओलसर रानात वाढणारं. मुळाशी ओल त्याला आवडते, पण पाणी साचून राहिलं की मुळं कुजतात.

मग जात निवडा. लाल फुलांच्या मोनार्डा डिडिमाला ओलावा सतत लागतो. माती लवकर सुकत असेल, तर फिकट जांभळ्या फुलांचं मोनार्डा फिस्टुलोसा लावा; ते कोरडेपणाही सोसतं. लालच हवं असेल तर 'जेकब क्लाइन' हे वाण भुरीपुढे चांगलं तग धरतं. बियांपासून मूळ वाणासारखंच झाड येईल याची खात्री नसते, त्यामुळे नावाच्या वाणाचं रोपच आणावं. बी पेरायचंच असेल तर मातीवर हलकं दाबा, झाकू नका. उगवायला उजेड लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दोन रोपांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर. रोपं चिमुकली असताना वाफा ओकाबोका दिसतो आणि मध्ये आणखी दोन खोचायचा मोह होतो. आवरा. हीच रोपं 60 ते 120 सेंटिमीटर उंच होतात आणि जमिनीलगतच्या आडव्या खोडांनी पसरत जातात. पुदिन्याचंच कूळ, चौकोनी दांडासुद्धा तसाच!

लावताना मातीत कंपोस्ट मिसळा, पण नत्राचं खत भरमसाट नको. त्याने लुसलुशीत पाला माजतो आणि भुरीला आयतं खाद्य मिळतं. पाणी सकाळी आणि बुंध्याशी द्या. वसंतात ठोंबातले बारीक फुटवे मुळाशी कापले की आतपर्यंत हवा पोहोचते.

फुलं सुकली की फुलाच्या लगेच खालच्या पानांच्या जोडीपर्यंत छाटा, पुन्हा कळ्या येण्याची शक्यता वाढते. फुलांच्या लांब नळ्यांतला मध प्यायला भुंगे आणि फुलपाखरं येतात, तेव्हा बहरात कीटकनाशक अजिबात नको. पानांचा चहाही होतो, अर्थात फवारणी न केलेल्या. (बी बामलाही बर्गामोट म्हणतात, पण अर्ल ग्रे चहातला बर्गामोटचा वास या झाडाचा नाही, तो एका लिंबूवर्गीय फळाचा.)

इतकं करूनही भुरी आली तर घाबरू नका, झाड सहसा मरत नाही. लागलेली पानं काढून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. बहर संपल्यावर ठोंब जमिनीलगत कापला की बहुधा स्वच्छ पालवी फुटते.

दर 2-3 वर्षांनी ठोंबाचा मधला भाग वाळतो. वसंतात कोंब दिसू लागताच अख्खा गड्डा उकरा, कडेचे 2-3 कोंब आणि मुळं असलेले तुकडे वेगळे करून लावा, मधला वाळका भाग टाकून द्या. उरलेले तुकडे ओल्या कापडात गुंडाळून शेजाऱ्यांना द्या, आणि सोबत अंतराचंही सांगा.