घरी आल्या आल्या रायफलची पेटी उघडू नका

रायफल रिकामी असल्याची खात्री, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची नळीत घालायची खूण), नळीचं तोंड कुठे ठेवायचं, हे सगळं रेंजवर पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसवलेलं असतं, त्यामुळे ते इथे उगाळत नाही. मी सांगतोय ते घरी आल्यानंतरचं, रायफल गंजू नये म्हणून करायचं.

दहा मीटर एअर रायफल मी नोकरी लागल्यावर सुरू केली. घर कळव्याला, सराव पनवेलकडे. पहिली स्वतःची रायफल वापरलेली होती, तीही हप्त्याहप्त्याने पैसे फेडून घेतलेली. आणि पहिल्याच पावसाळ्यात मी तिला गंज चढवला. आळसाने चढला असता तर कान पकडून गप्प बसलो असतो. पण मी तर दर सरावानंतर पुसत होतो हो!

झालं असं. हॉल एसीचा. दोन तास सराव, मग रायफल पेटीत, पेटी मित्राच्या एसी गाडीत. आमच्या सरांचं एकच पालुपद, ‘आधी रायफल, मग जेवण.’ म्हणून घरात पाऊल टाकलं की पेटी पलंगावर उघडायची, फ्लॅनेलने पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं, पेटी बंद. पंधरा मिनिटांत पानावर. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी पेटी उघडली, तर नळीवर नारिंगी ठिपके आणि बोल्टवर (नळी मागून बंद करणारा दांडा) माझ्याच अंगठ्याचा तपकिरी ठसा.

कारण कळायला मला महिना लागला, म्हणून सावकाश सांगतो. एसी दुकानातून पावसाळ्यात बाहेर आलात की चष्म्यावर वाफ धरते ना, अगदी तेच. रायफलचं लोखंड हॉलमध्ये गार झालेलं असतं. पेटीतल्या फोममुळे ते लवकर तापत नाही. घरी पेटी उघडली की खोलीतली दमट हवा त्या गार लोखंडाला लागते आणि त्यावर दव धरतं. काळ्या नळीवर ते दिसतही नाही. फडकं वरवरचं पाणी टिपतं. मागच्या साइटखालचं (नेम धरायला जिच्यातून बघतो ती), स्क्रूच्या खाचांतलं, पेलेट (छर्रा) ठेवतो त्या खोबणीतलं तसंच राहतं. त्यावर तेल फिरवलं की पाणी तेलाखाली कोंडलं जातं. मग ही ओली रायफल आपण फोममध्ये बंद करतो, आणि फोम ओल धरून ठेवतो. पुढचे सहा दिवस आत काय चालतं ते सांगायला नको.

म्हणून पेटी घरी आली की बंदच ठेवा. तासभर तरी, जुलै-ऑगस्टमध्ये दोन तास. जेवा, आंघोळ करा. (हात मात्र रेंजवरच साबणाने धुतलेले हवेत, पेलेट शिशाचे असतात आणि बाहेर वडापावची गाडी असतेच.) रायफल खोलीइतकी कोमट झाली की मग उघडा, कोरड्या फडक्याने पुसा, घामाचे हात लागतात तिथे जास्त. मग तेलाचा अगदी पुसट हात. आणि पेटी लगेच मिटू नका, फोमला रात्रभर पंख्याचा वारा लागू द्या. तेवढा वेळ रायफल कुलपाच्या कपाटात, घरात मुलं असोत वा नसोत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी पडले की त्या बदला. पावसाचं पाणीच आत शिरलं असेल, तर मात्र वाट न बघता उघडायचं.

ठिपके दिसले तर घाबरू नका. वरवरचे असतील तर तेल आणि फडक्याने बरेच जातात. सँडपेपर घेतलात तर मात्र रायफल विकायलाच काढा.

नळीच्या आतलं काम त्या मानाने क्षुल्लक. फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) दोन-तीन तुकडे मागच्या बाजूने घालून पुढे काढायचे, तेही रोज नाही. व्हिडिओ बघून ब्रश आणि सॉल्व्हंटचे संच मागवणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. उलट आतून ओली झालेली नळी पहिले काही पेलेट इकडेतिकडे टाकते, आणि आपला लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. मॅचच्या आदल्या रात्री नळी साफ करू नका. केलीच असेल, तर मॅचआधीची साइटिंगची, म्हणजे नेम जुळवायची, पंधरा मिनिटं त्यातच जातील असं धरून चला.

एका बाबतीत मी गयावया करून सांगेन. पेलेट ढकलणारी हवा रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाने भरलेली असते. त्याच्या तोंडाशी, भरायच्या अडॅप्टरशी साधं खनिज तेल किंवा सगळ्यावर मारतात तो स्प्रे नेऊ नका. दाबाखालची हवा आणि तेल एकत्र आलं तर पेट घेऊ शकतं. सिलिंडरवरची तारीखही बघा, दहा वर्षं उलटलेला नको. सील गळत असेल तर कारागिराकडे जा. दोस्ताकडे नको, तो ‘मला येतं’ म्हणाला तर मुळीच नको.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाज स्वप्निल कुसाळेंनी ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं, तेव्हापासून आमच्याकडचे नवखेही पॉइंट टू-टूच्या, म्हणजे .२२ बोअरच्या काडतुसांच्या रायफलच्या, गप्पा मारतात. तिथे परवाना आला, बारूदाची काजळी आली, आणि नळी साफ करायचा रॉड पुढून घातला तर नळीच्या तोंडाची कड कायमची बिघडते. ते शिकायला एखादा जुना नेमबाज धरा. तुमची रायफल स्वतः हातात न घेता तुमच्याकडूनच सगळं करवून घेणारा असेल तर सोडू नका. माझ्या बोल्टवरचा ठसा अशाच एकाने बघितला आणि एवढंच विचारलं, ‘घरी गेल्यावर किती वेळाने उघडतोस?’