कुंडीतल्या मातीचा सामू दुरुस्त करण्याआधी

कुंडीतलं झाड पिवळं पडलं की हात आधी खताच्या डब्याकडे जातो. तो डबा आज कपाटातच राहू द्या. वेळच्या वेळी खत मिळूनही झाड उपाशी दिसत असेल, तर बहुतेक वेळा खत मातीत असतंच, पण मुळांना ते उचलता येत नाही, कारण मातीचा सामू, म्हणजे पीएच, जागचा हललेला असतो. त्यावर आणखी खत पडलं की न उचललेले क्षार साचतात, मुळांची टोकं भाजतात आणि झाड आणखी पिवळं होतं. म्हणून औषधपाणी करण्याआधी थोडी तयारी हवी. त्यात माझ्या मते सर्वांत जास्त वेळ पाण्याला द्यावा, मातीला त्याहून कमी.

सुरुवात नुसत्या डोळ्यांनी करा. पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे ते आधी पाहा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं चित्र. लिंबू, जास्वंद, गंधराज, पेटुनिया यांच्यात ते फार लवकर दिसतं आणि बहुधा सामू वर गेल्याचं सांगतं. खालच्या जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमकडे पाहा. जुनं पान शिरांसकट एकसारखं फिकट होत असेल तर तिथे खरोखरच नत्र (नायट्रोजन) कमी असू शकतं, आणि मग हा सगळा खटाटोप करायची गरज नाही. कोवळी पानं वेडीवाकडी येणं, टोमॅटोच्या फळाचा बूड काळा पडणं ही कॅल्शियम न पोहोचल्याची खूण. पण तिथे सामूपेक्षा अनियमित पाणी देणं हे कारण जास्त वेळा निघतं. झेंडू किंवा जिरॅनियमच्या खालच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके आले असतील तर उलटी शंका घ्या: सामू फार खाली गेला की लोह आणि मंगल (मँगनीज) गरजेपेक्षा जास्त विरघळतात आणि झाडाला बाधतात. दिवसाच्या उजेडात दोन-तीन फोटो काढून ठेवा, पुढे तुलनेला लागतील.

मग झाड हलक्या हाताने कुंडीतून अर्धं वर काढून मुळं पाहा. पांढरी किंवा फिकट, टणक मुळं असतील तर पुढे जा. मुळं तपकिरी, लिबलिबीत असतील आणि मातीला कुबट वास येत असेल, तर निचरा बिघडलेला आहे. गुदमरलेली मुळंसुद्धा लोह उचलू शकत नाहीत आणि पान अगदी तसंच पिवळं पडतं. अशा झाडाला सामूची दुरुस्ती नको, सडलेली मुळं कापून नव्या मोकळ्या मिश्रणात बदली हवी. ही पायरी गाळू नका. कुंडी कशाची आहे तेही बघा. नवी सिमेंटची कुंडी चुना सोडत राहते आणि सामू वर ढकलते. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर आला असेल तर क्षार साचलेत हे मोजण्याआधीच कळतं.

आता साधनं जमवा. सामू मोजायचं पेनसारखं डिजिटल मीटर, 7 आणि 4 सामूची प्रमाण द्रावणं, विद्युत वाहकता म्हणजे ईसी (यावरून विरघळलेले क्षार किती ते कळतं) मोजायचं मीटर, ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा वजनकाटा, खुणा असलेला मोजपेला आणि थोडं डिस्टिल्ड पाणी. मातीत खुपसायच्या दोन सळ्यांच्या स्वस्त मीटरवर विसंबू नका. त्यांचा आकडा ओलाव्याप्रमाणे बदलतो. मीटर घेणं शक्य नसेल तर रंग बदलणारी द्रावणाची चाचणी बरी. तिच्यातून अर्ध्या अंकापर्यंतचा अंदाज मिळतो आणि निर्णयाला तेवढा पुरतो. मीटरचं टोक कोरडं पडू देऊ नका आणि डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवू नका. त्याच्यासाठी मिळणाऱ्या साठवणीच्या द्रावणातच ठेवा. मोजण्याआधी दोन्ही प्रमाण द्रावणांत ते जुळवून घ्या. न जुळवलेल्या मीटरच्या आकड्यावरून आम्ल ओतणं म्हणजे अंदाजानेच ओतणं.

मातीचं मोजमाप असं करा. कुंडीला नेहमीसारखं भरपूर पाणी द्या आणि अर्धा ते एक तास निथळू द्या. मग कुंडी स्वच्छ ताटलीत दोन ठोकळ्यांवर उचलून ठेवा आणि वरून हळूहळू डिस्टिल्ड पाणी सोडा, खाली साधारण 50 मिलि जमेल एवढंच. जास्त ओतलं तर नमुना पातळ होतो. या निथळीचा सामू आणि ईसी दोन्ही लिहून ठेवा. कुंडी फार मोठी असेल तर मुळांजवळची माती घ्या, वरचा थर नको. एक भाग मातीत दोन भाग डिस्टिल्ड पाणी ढवळून अर्ध्या तासाने सामू मोजा. या पद्धतीने आलेला ईसीचा आकडा मात्र निथळीच्या आकड्याशी ताडू नका, तो पातळ झालेला असतो.

कोकोपीट किंवा पीटच्या मिश्रणाला साधारण 5.5 ते 6.5 आणि माती-कंपोस्टच्या मिश्रणाला 6 ते 7 हा सामू बहुतेक झाडांना चालतो. अझेलिया, ब्लूबेरी यांना याहून खालचा हवा. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे ध्यानात असू द्या, 6.5 आणि 7.5 शेजारी दिसतात, पण लोहाच्या दृष्टीने त्यांत फार मोठं अंतर आहे. सामू 7 च्या पुढे सरकू लागला की लोह, मंगल, जस्त, तांबं आणि बोरॉन अडकत जातात. स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही बाजूंनी अडकतो: वर गेलं की कॅल्शियमशी, खाली गेलं की लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधला जातो. आकडा ठीक असूनही पान पिवळं असेल तर ईसी पाहा. निथळीचा ईसी 3 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या वर असेल तर क्षार साचू लागलेत असं धरून चाला. आणि खतांमधली आपसातली ओढाताण विसरू नका. पालाश (पोटॅशियम) जास्त झालं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मागे राहतात, स्फुरद जास्त झाला की जस्त आणि लोह. सामू अगदी योग्य असतानाही ही कोंडी होते.

आता पाणी. पाण्याचा सामू मोजून लोक थांबतात, पण कुंडीला खरा त्रास देते ती पाण्याची क्षारता, म्हणजे त्यातलं बायकार्बोनेट. 7.2 सामूचं पाणी दोन ठिकाणी अगदी वेगळं वागू शकतं. एकात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं, दुसऱ्यात भरपूर असतं, आणि ते दुसरं पाणी प्रत्येक वेळी कुंडीत थोडा थोडा चुना टाकल्यासारखं काम करतं. जमिनीत हे पचतं. कुंडीतली माती इतकी थोडी असते की काही महिन्यांत सामू चढतो. म्हणून मत्स्यटाकीसाठी मिळणारी क्षारता मोजायची थेंबांची चाचणी किंवा पट्ट्या आणा. लिटरमागे 100 ते 150 मिलिग्रॅमच्या वर क्षारता असेल तर चढत्या सामूचं मूळ तुम्हाला सापडलं. पाणी न बदलता माती कितीही सुधारली तरी ती पुन्हा तिथेच जाईल.

उपाय दोन. पहिला आणि मला जास्त आवडणारा: पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळून क्षारता निम्म्यावर आणणं. पूर्ण आरओ दिलं तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खतातून द्यावं लागतं, विशेषतः कोकोपीटमध्ये. दुसरा उपाय आम्लाचा. 200 मिलिग्रॅम क्षारतेच्या 10 लिटर पाण्याचा सामू 6 च्या आसपास आणायला सायट्रिक आम्ल अडीच ग्रॅमच्या जवळपास लागतं. पण चिमटीने सुरुवात करा, ढवळा, मोजा, आणि तुमच्या पाण्याला किती लागलं ते एकदाच वजन करून लिहून ठेवा. हे पाणी ताजंच वापरा, ठेवलं की सामू पुन्हा वर सरकतो. मातीतले जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात, म्हणून त्याचा आणि व्हिनेगरचा उपयोग थोड्या दिवसांपुरता. कायमसाठी बागकामाचं, आधीच पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल बरं, मात्र त्यातून जाणारा स्फुरद खताच्या हिशोबात धरा. तीव्र आम्ल हाताळायचं असेल तर चष्मा आणि हातमोजे घाला, नेहमी पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीच नाही, आणि ब्लीचच्या जवळपासही ते नेऊ नका.

ईसी चढलेला असेल तर माती धुण्याचा दिवस ठरवा. कुंडीच्या मापाच्या दोन ते तीन पट पाणी लागेल, तेही सामू जुळवलेलं. जास्त क्षारतेच्या पाण्याने धुतलं तर क्षार जातील आणि सामू चढेल. पाणी हवेच्या तापमानाचं असावं. भोकं मोकळी आहेत का ते पाहा, हळूहळू ओता, ताटलीत साचलेलं लगेच फेका. या धुण्यात नत्र आणि पालाशही जातं, म्हणून पुढचं खत अर्ध्या मात्रेने तयार ठेवा.

सामू वर आहे आणि झाड आत्ता लोहासाठी तडफडतंय, तर लोहाचं चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) घेताना पाकिटावरचा प्रकार वाचा. ईडीटीए प्रकार साडेसहाच्या पुढे लोह धरून ठेवू शकत नाही, डीटीपीए सातच्या थोडं पुढेपर्यंत टिकतो आणि ईडीडीएचए 9 पर्यंत. चढलेल्या मातीत पहिला देणं म्हणजे पैसे वाया. ईडीडीएचएचं लालसर द्रावण मुळाशी द्या, पानं आणि फरशी रंगवू नका. गंधकाची भुकटी सामू खाली आणते खरी, पण ते काम जिवाणू करतात. त्यांना ऊब, ओल आणि कित्येक आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून दुसरा डोस टाकू नका, नंतर दोन्ही एकदम काम करतात. ॲल्युमिनियम सल्फेट कुंडीत टाळा.

सामू खाली गेला असेल तर बारीक डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची पूड. पीटचं नवं मिश्रण भरताना ते लिटरमागे 3 ते 5 ग्रॅम मिसळतात. उभ्या झाडाला त्याहून कमी, वरच्या थरात मिसळून, आणि आठवडे वाट पाहून. खाण्याचा सोडा नको, त्यातलं सोडियम मातीत राहतं. अमोनियमयुक्त खत सामू खाली ओढतं आणि नायट्रेटचं वर, तेव्हा खताच्या पिशवीवरचं नत्राचं रूप वाचून घेतलं तर अनेकदा नुसतं खत बदलूनही भागतं.

बऱ्याच कुंड्या असतील तर एकाच कुंडीवर आधी करून पाहा, आणि एका वेळी एकच बदल. दोन आठवड्यांनी पुन्हा निथळ मोजा. करपलेली जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे पाहून निर्णय घेऊ नका. दुरुस्तीनंतर फुटलेलं पहिलं नवं पान पाहा. ते हिरवं निघालं आणि निथळीचे आकडे योग्य मर्यादेत आले की चिलेट थांबवा, खत अर्ध्या मात्रेवरून हळूहळू नेहमीच्या मात्रेला न्या आणि पाण्याची दुरुस्ती मात्र चालू ठेवा.